डोक्याचा साधा सीटी: शिरेतल्या गुठळीसाठी कितपत कामाचा?

पाच-दहा मिनिटांत उरकतो, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य) लागत नाही, रक्तस्राव चटकन दाखवतो. एवढ्यावर साध्या सीटीला पैकीच्या पैकी गुण. पण मेंदूच्या सायनसमधली (मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांमधली) गुठळी ओळखायची असेल, तर सोबत सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट हवाच.

सीटीवर रक्त पांढरं दिसतं ते हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनामुळे, लोहामुळे नव्हे. गुठळीत पेशी दाटतात, म्हणून ती उजळ दिसते. पॉलिसायथेमियात (रक्तात तांबड्या पेशी फार वाढतात तेव्हा) किंवा शरीरातलं पाणी फार कमी झाल्यावर वाहतं रक्तच दाट असतं आणि सायनस तसाच चकाकतो. नवजात बाळात तर दुहेरी फसगत: रक्त दाट म्हणून उजळ, मेंदू पाणीदार म्हणून काळपट.

उपाय बिनपैशाचा आहे. १ मिमीच्या छेदांवर, हाडाला न चिकटता, सायनसची घनता हाउन्सफील्डमध्ये (सीटीवरच्या उजळपणाच्या एककात) मोजा आणि त्याच दिवसाच्या सीबीसीतल्या पीसीव्हीने (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीने) भागा. ७८ भागिले ६० म्हणजे १.३: बहुधा नुसतं दाट रक्त. ७२ भागिले ३६ म्हणजे २: गुठळीचा दाट संशय. दीडच्या आसपास निकाल धूसर, शिवाय मशीनगणिक आकडा थोडा हलतो. सलाईन चालू असलेल्या हातातून नमुना घेतला तर पीसीव्ही खोटाच कमी येतो आणि भागाकार उगाच फुगतो. त्याच दिवशी अँजिओग्राफी झाली असेल तर रक्तात कॉन्ट्रास्ट असतो, म्हणून हा हिशेबच सोडा.

नजरेनेही बरंच कळतं. मेंदूच्या धमन्या (बॅसिलर आणि दोन्ही बाजूंच्या मिडल सेरेब्रल) आणि सगळे सायनस सारखेच उजळ असतील, तर दोष रक्ताचा. एकच सायनस उठून दिसला, तर गुठळीचा विचार आधी.

खरा धोका उलट्या बाजूला आहे. पंडुरोगी बाळंतिणीचा पीसीव्ही २४, सायनस ५५: चित्र नॉर्मल वाटतं, भागाकार मात्र २.३ येतो. बाळंतपणानंतरच्या डोकेदुखीत 'सीटी नॉर्मल' एवढ्यावर घरी पाठवणं म्हणूनच चूक.

पॉलिसायथेमिया व्हेरात (अस्थिमज्जेच्या दोषातून होणाऱ्या पॉलिसायथेमियात) तर गुठळ्या मुळातच जास्त होतात. त्यामुळे रक्त दाट निघालं म्हणून गुठळी नाहीच, असं म्हणता येत नाही. संशय असेल तर सीटी व्हेनोग्राम (कॉन्ट्रास्ट देऊन शिरांचा सीटी) करावाच. एमआर व्हेनोग्रामही (शिरांचा एमआरआय) चालतो, पण डावा ट्रान्सव्हर्स (डोक्याच्या मागच्या बाजूचा आडवा) सायनस अनेकांत जन्मतःच बारीक असतो आणि बंद पडल्यासारखा भासतो.

सीटीच्या चिठ्ठीवर नुसतं 'डोकेदुखी' लिहिण्याची आपल्याकडची पद्धत मोडून त्याखाली पीसीव्हीचा आकडा टाकला, तर रेडिऑलॉजिस्टचं निम्मं काम तिथेच होतं.