'ओके कम्प्युटर' की 'किड ए'?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या अल्बमांची क्रमवारी लावणारा व्हिडिओ आला की चाहत्यांची जुंपते ती या दोघांवरूनच.

'ओके कम्प्युटर'ची (1997) बाजू घेणं सोपं. गिटार आहे, गुणगुणता येतील अशा चाली आहेत. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' तर सहा मिनिटांहून मोठं, वेगवेगळे तुकडे जोडून केलेलं. मध्येच सगळं मंदावतं, आवाजांवर आवाज चढत जातात आणि मग गिटार पुन्हा तुटून पडते.

'किड ए'मध्ये (2000) गिटार बऱ्याच ठिकाणी बाजूला सारलीय. पहिलंच गाणं सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर), गायक थॉम यॉर्कच्या आवाजाची चिरफाड केलेली. 'द नॅशनल अँथम'मध्ये बेस गिटारची एकच धून घुमत राहते (तीही यॉर्कनेच वाजवलेली) आणि वर ब्रासवाले (ट्रम्पेट वगैरे फुंकणारे) धुडगूस घालतात. यातून एकही सिंगल (अल्बममधून वेगळं प्रसिद्ध केलेलं गाणं) काढलं नाही, ही हिंमत वेगळीच. व्हिडिओवाल्यांची गोची इथेच होते. दहा सेकंदांच्या तुकड्यात 'ओके कम्प्युटर'चं काम भागतं, 'किड ए' त्यात नुसता विक्षिप्त वाटतो.

'जुना तो खरा रेडिओहेड' हे पालुपद मला पटत नाही. माझं मत 'किड ए'ला. मात्र बँड पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातात मी 'ओके कम्प्युटर'च देईन.