संपादक आणि पुढाऱ्यांच्या जुन्या पत्रांसाठी कॅनन लाइड ३०० स्कॅनर : घ्यावा का?

सांगली-साताऱ्याकडे मासिकांची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांचं मासिक १९२० पासून निघत होतं, आणि रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे जातिभेदावरचे, अंधश्रद्धेवरचे लेख त्यात येत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ‘नवभारत’चे संपादक होते. यशवंतराव चव्हाणांनी १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं तेव्हा अध्यक्ष म्हणून तर्कतीर्थांनाच बोलावलं. संपादक आणि पुढारी असे जवळ आले की पत्रं आलीच : लेख कधी पाठवताय, अमुक परिच्छेद का गाळला, आमचा खुलासा छापणार का. लहानमोठ्या नियतकालिकांच्या अशा फायली आजही घरांच्या माळ्यांवर आणि वाचनालयांच्या कपाटांत पडून आहेत. त्यांच्या प्रती काढायला हा स्कॅनर कितपत चालतो, एवढंच इथे पाहायचं आहे.

यंत्र साधं आहे. काच ए-फोर आकाराची, वजन पावणेदोन किलोच्या आत, आणि वीज संगणकाच्या यूएसबी वायरीतूनच मिळते. त्यामुळे जिथे फाईल आहे तिथे लॅपटॉपसोबत नेता येतो. ही सोय मोठी आहे, कारण आजोबांची पत्रं घराबाहेर द्यायला लोक सहसा तयार नसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. प्रकाश एलईडीचा असल्याने कागद तापत नाही.

लेटरहेडवर टाइप केलेलं, सपाट राहिलेलं पत्र यावर उत्तम येतं. ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आणि २४ बिट रंग पुरे. पेन्सिलचे शेरे, पुसट सही किंवा पोस्टाचा शिक्का असेल तर ६०० ठेवा. पत्र काळं-पांढरं दिसत असलं तरी स्कॅन रंगीतच करा. संपादकाने लाल पेन्सिलीने मारलेली रेघ आणि पुढाऱ्याच्या सचिवाने निळ्या शाईत घातलेला आवक क्रमांक राखाडी प्रतीत सारखेच दिसतात, मग कोणी काय लिहिलं हे ठरवता येत नाही. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या चित्र-फाईलच्या प्रकारात ठेवा. ए-फोरचं एक पान ३०० वर साधारण २६ एमबी, ६०० वर १०४ एमबी होतं. म्हणजे पाचशे पानांची फाईल सरसकट ६०० वर केली तर ५२ जीबी. सगळंच ६०० वर करायचा हट्ट नको.

‘ऑटो’ बटण दाबू नका. यंत्र स्वतःच कडा ओळखून कापतं, आणि या पत्रांत महत्त्वाचं बरंचसं समासातच असतं : ‘उत्तर दिले’, ‘पुढच्या अंकी घ्यावे’. स्कॅनगिअर हे कॅननचं स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर उघडून चौकट हाताने आखा, कागदाच्या चारही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडा, आणि शार्पनिंग, आरपार दिसणारा मजकूर घालवणं, रंग सुधारणं हे सगळं बंद ठेवा. ही सफाई पेन्सिलही खाऊन टाकते.

याची खरी मर्यादा सेन्सरची आहे. सीआयएस जातीचा सेन्सर काचेला टेकलेलंच स्पष्ट पाहतो. पत्र तीन घड्यांचं असेल आणि घडी दोन मिलिमीटर उचललेली असेल, तरी तिथली ओळ अंधारी आणि पुसट येते. झाकण दाबून उपयोग नाही, ठिसूळ कागद घडीवरच फाटतो. त्याऐवजी पत्र दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन देऊन आठवडाभर राहू द्या. इस्त्री अजिबात नको. पावसाळ्यात कागद ओल धरतो, तेव्हा वाई-महाबळेश्वरच्या बाजूला हे काम दिवाळीनंतरच हातात घेतलेलं बरं.

दुसरी अडचण फुलस्केपची. सरकारी आणि पक्षाच्या कचेऱ्यांतली जुनी पत्रं ए-फोरपेक्षा लांब असतात. खालची सहीच काचेबाहेर राहते. दोन भागांत स्कॅन करा, मध्ये चार-पाच सेंटिमीटर मजकूर दोन्हीकडे येऊ द्या. जोडलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ दोन्ही भाग पुसू नका.

फायलीत पुढाऱ्याची मूळ पत्रं असतात, पण संपादकाने काय लिहिलं ते फक्त कार्बन कॉपीत उरतं. तो कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. एकाच बाजूला मजकूर असेल तर मागे पांढरा कागद ठेवा, अक्षर उठून दिसतं. दोन्ही बाजूंना असेल तर काळं कार्ड ठेवा, मागचं अक्षर दबतं. हा साधा फरक सॉफ्टवेअरच्या कुठल्याही सोयीपेक्षा जास्त काम करतो. जावक प्रतींची बांधीव वही असेल तर मात्र ती या काचेवर उलटी दाबू नका, शिवण तुटते. तिचे वरून कॅमेऱ्यानेच फोटो काढा.

सुरू करण्याआधी गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढाव्यात, काचेवर एक ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक पानावर तो दिसतो. पाकीट टाकून देऊ नये. पत्रावर तारीख नसेल तर शिक्क्यावरची तारीखच आधार. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू लागोपाठ घ्या. स्कॅनच्या फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, लिहिणारा, घेणारा असा क्रम ठेवला की ‘आपले दि. १२ चे पत्र पावले’ या वाक्यावरून पत्र आणि उत्तर आपोआप शेजारी येतात. पत्रावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या पत्रांना ७९. स्कॅन झाल्यावर लॅमिनेशन करून आणायची चूक नको. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

मराठी हस्ताक्षराचा मजकूर आपोआप काढून मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. तो माणसानेच वाचून टाइप करायचा. टाइप केलेल्या देवनागरी पत्रांना गुगल ड्राइव्हमधली ओळख बऱ्यापैकी लागू पडते, जोडाक्षरं तपासावी लागतात.

छापायचं ठरलं तर एक गोष्ट आधी पाहा. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर वारसांचा. साधारण मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं, पण हयातीत न छापलेलं पत्र नंतर प्रथम प्रसिद्ध झालं तर ६० वर्षं त्या प्रसिद्धीपासून मोजतात. तेव्हा वारसांची लेखी परवानगी घ्यावी.

सुट्या, सपाट पत्रांच्या फाईलसाठी हा स्कॅनर जरूर घ्या. घड्या पडलेल्या पत्रांचीच फाईल असेल तर सीसीडी सेन्सरचं (काचेपासून थोडं उचललेलंही स्पष्ट पाहणारं), जड आणि महाग यंत्र शोधा. आणि प्रत घरच्याच कपाटात ठेवून थांबू नका : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली होती, त्यामुळे एक हार्ड डिस्क कृष्णाकाठापासून लांब, दुसऱ्या गावी ठेवा.