जुन्या गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी: घ्यायची की तेवढे पैसे बाजूला ठेवायचे?

सेकंडहँड गाडीचा सौदा जमला, टोकन दिलं, की डीलर हमखास एक कागद पुढे सरकवतो, "साहेब, फक्त बारा हजार, वर्षभर टेन्शन नाही." आता गंमत अशी की वॉरंटी ह्या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यामुळे एक जण सांगतो घेच आणि दुसरा म्हणतो पैसे पाण्यात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पहिली म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीची. ही शिल्लक असेल तर डोळे झाकून चांगली, कारण बहुतेक कंपन्यांची वॉरंटी मालकावर नाही, गाडीच्या चासी नंबरवर असते, म्हणजे आरसी तुमच्या नावावर झाली की सर्व्हिस सेंटरला कागद दाखवून तीही पुढे चालू ठेवता येते. फक्त शिल्लक आहे का ते नीट बघा. मारुतीने जुलै 2024 मध्ये नव्या गाड्यांची स्टँडर्ड वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केली, त्याआधी ती 2 वर्षं किंवा 40 हजारच होती, म्हणजे 2021-22 ची मारुती बघत असाल तर पहिल्या मालकाने वरची एक्स्टेंडेड घेतली होती का हे विचारायलाच हवं. डीलरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, तिथे वॉरंटीही कळते आणि प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते तेही दिसतं, मीटर मागे फिरवला असेल तर तिथल्या तिथे उघडं पडतं. चालू असलेली वॉरंटी संपायच्या आत वाढवता येत असेल तर वाढवा, एकदा संपली की सहसा दार बंद.

दुसरी सर्टिफाइड, म्हणजे कंपनीच्याच दुकानाने तपासून विकलेल्या गाडीबरोबर येणारी. ट्रू व्हॅल्यूच्या (मारुतीची जुन्या गाड्यांची दुकानं) सर्टिफाइड गाडीवर 1 वर्षापर्यंत वॉरंटी आणि 3 फ्री सर्व्हिस असतात, ह्युंदाई, टोयोटावाल्यांचंही असंच काहीतरी आहे. ही फुकट वाटते पण गाडीच्या किमतीत धरलेलीच असते, तेव्हा तेच मॉडेल, तेच साल बाहेर थेट मालकाकडे कितीला मिळतंय ते बघायचं. फरक पंधरा-वीस हजारांचा असेल तर मी देईन, साठ-सत्तर हजार जास्त मागत असतील तर तेवढ्यात ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून, सगळी सर्व्हिस करून, वर टायर टाकून होतात.

तिसरी म्हणजे डीलरने गळ्यात मारलेली तिसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची. खरी मेख इथे आहे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात इंजिन, गिअरबॉक्स, एसी; आतल्या पानावर क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाही, बॅटरी, टायर, सस्पेन्शनचे बुश, रबर, होस काहीच नाही, म्हणजे जुन्या गाडीत जे खरंच जातं ते सगळं बाहेर. बऱ्याच प्लॅनमध्ये पहिला महिनाभर क्लेमच करता येत नाही. इंजिन उघडून बघायची मजुरी आधी तुम्ही भरायची, आणि उघडल्यावर "नॉर्मल वेअर अँड टेअर" (वापराने होणारी झीज) असा शेरा आला की तुमचं इंजिन टेबलावर उघडं पडलेलं आणि बिल तुमच्याच नावावर. काही ठिकाणी गाडी जितकी जास्त चाललेली तितके टक्के पार्टच्या किमतीतून कापतात. एक सर्व्हिस उशिरा झाली, किंवा बाहेरून सीएनजी किट बसवलंय, की हात वर.

आता चौथा पर्याय, काहीच न घेणं. समजा 2017 ची पेट्रोल मॅन्युअल वॅगनआर आहे, प्लॅन 12 हजारांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 14,160 झाले. ह्या गाडीचे पार्ट कराडपासून कणकवलीपर्यंत कुठेही मिळतात, मेकॅनिकला हात बसलेला असतो, आणि वर्षभरात अल्टरनेटर किंवा स्टार्टर गेला तरी ह्या रकमेत सहसा भागतं. तिथे प्लॅन घेऊ नका, 14 हजार बँकेत वेगळे ठेवा, काही बिघडलं नाही तर ते तुमचेच.

उलट डीएसजीसारखा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा बीएस-6 टर्बो डिझेल असेल तर हिशोब फिरतो. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग), इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ह्यातलं एक गेलं तरी रोडसाइड गॅरेजचं काम राहत नाही आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. अशी गाडी कंपनीची वॉरंटी असेल तरच घ्यावी असं माझं मत, आणि डीलरचाच प्लॅन असेल तर ह्या पार्टची नावं कागदावर छापलेली आहेत का आणि एका क्लेमची कमाल मर्यादा किती एवढं तरी वाचा. मर्यादा 50 हजार आणि पार्ट सव्वा लाखाचा, तर वरचे 75 तुमच्याच खिशातून.

आणि पावसाचं. सबवेत गाडी अडकली, इंजिनात पाणी गेलं, तर कुठलीच वॉरंटी कामाला येत नाही, त्यासाठी इन्शुरन्समधलं इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन लागतं. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने दोन्हीतलं एकच परवडत असेल तर साध्या पेट्रोल गाडीला मी ॲड-ऑनच सांगेन. हो, आणि इन्शुरन्स आपल्या नावावर करायला गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, वॉरंटीच्या नादात लोक हेच विसरतात.

डीलर फारच मागे लागला तर सरळ म्हणा, वॉरंटी नको, तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कमी करा. बरेचदा बारा हजारांचा प्लॅन लगेच पाच हजारांवर येतो, किंवा "तुमच्यासाठी फ्री" होतो. फ्री मिळाला तर घ्या की, पण पॉलिसीचा कागद आणि नियमांची पानं गाडीची चावी घेतानाच हातात घ्या, "नंतर मेल करतो" चालणार नाही. क्लेम अडवला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, आणि तिथेही पहिला प्रश्न कागद कुठंय हाच येतो.