नेपाळच्या अनाथाश्रमात सेवेला नेतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी हे वाचा

आमच्या चर्चच्या मंडळीची बदनामी होईल म्हणून वर्षभर गप्प बसली, पण आता लिहितेच.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, मंडळी लहानशीच, आणि त्यातली कितीतरी घरं अनाथ लेकरांपासूनच सुरू झालेली. माझ्या पणजीचे मायबाप 1899-1900 च्या दुष्काळात गेले आणि ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, हे आमच्या घरी लहानपणापासून सांगतात. त्यामुळे अनाथाश्रम म्हटलं की आमच्या लोकांचा हात आपोआप खिशात जातो, आणि आम्हाला नेपाळला नेणाऱ्या त्या माणसाला हे बरोबर माहीत होतं.

तो काही पाळक नव्हता, पण बायबलची वचनं तोंडपाठ, बोलणं एकदम गोड, आणि आला कधी तर कापणीच्या सणाला, म्हणजे घरोघरी कापसाचे पैसे हातात असतात तेव्हा. प्रोजेक्टरवर काठमांडूच्या लेकरांचे फोटो दाखवले, आमच्या बायका रडल्या, मीही रडली. माणशी 28,000, त्यात 6,500 व्हिसा आणि सेवेच्या परमिटचे. आम्ही 14 जण तयार झालो, एका आजीनं तर पाटल्या मोडल्या. पैसे सगळे त्याच्या स्वतःच्या नंबरवर फोनपेनं, पावती नाही. आमचे हे म्हणत होते, "अवं, नेपाळले काई व्हिसा लागत नाही, थांब मी इचारून पाहातो," तर मी त्यांच्यावरच चिडली की देवाच्या कामात शंका काढू नका. ते अजून टोचते मला.

नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. एसीचं सांगून स्लीपरमध्ये बसवलं, तेही सोडा. पण सोनौलीला पाहिलं तर लोक पिशव्या घेऊन, सायकलरिक्षात बसून सरळ कमानीखालून जाऊन राहिले, आम्हीही तसेच गेलो, व्हिसा कोणीच विचारला नाही. 1950 च्या करारापासून आपल्या लोकांना नेपाळात व्हिसा लागतच नाही, जवळ पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड असलं की झालं. मी त्याला तिथंच विचारलं तर म्हणे, "ताई, परमिट ऑनलाइन झालं." 14 जणांचे 91,000 रुपये तिथंच गेले होते.

पैशाचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं ते पुढं आहे.

आश्रमात 23 लेकरं. आम्ही गाडीतून उतरलो तशी येऊन गळ्यातच पडली, हिंदी गाणं म्हटलं, आम्हाला वाटलं किती माया आहे या लेकरांना. आता विचार करते तर आपल्या घरचं लेकरू अनोळखी माणसाच्या गळ्यात पहिल्या मिनिटाला पडते का? दर थोड्या दिवसांनी नवे लोक येतात, लाड करतात, निघून जातात, त्यातून ती सवय लागलेली. आम्ही परतवाड्यातून 40 स्वेटर नेले होते, दुसऱ्या दिवशी लेकरं फाटक्यातच, आणि कपाटात आमचे स्वेटर आधीच्या लोकांच्या स्वेटरांसोबत लेबलसकट ठेवलेले. लेकरं फाटकी दिसली तरच पाहुणे देतात ना.

एक नऊ-दहा वर्षांची पोरगी होती, तिची वेणी घालता घालता मी हिंदीत विचारलं, बेटा, आई कधी वारली? तिला आधी कळलंच नाही, मग हसून म्हणाली, "आमा घरमा हुनुहुन्छ." याचं भाषांतर करायला कोणी लागत नाही, आई घरी आहे. घर तिकडं दूर डोंगरात हुम्ला जिल्ह्यात, नेपाळगंजहून लहान विमानानं सिमिकोट, तिथून पायी. चांगल्या शाळेत घालतो म्हणून एक माणूस घेऊन आला, बापानं त्यासाठी शेत विकून त्याला पैसे दिले. म्हणजे तिकडं मायबापाकडून घ्यायचे आणि इकडं तिला अनाथ सांगून आमच्याकडून घ्यायचे. मी हळूच नऊ लेकरांना विचारलं, सात जणांचे आई नाहीतर बाप जिवंत होते.

परत आल्यावर भाच्यानं नेटवर वाचून सांगितलं की तिथं 1996 ते 2006 लढाई चालू होती तेव्हापासून दलाल हुम्ल्यासारख्या भागातून असेच लेकरं आणत आले, आणि 77 जिल्ह्यांच्या देशात बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पाचच जिल्ह्यांत आहेत, जिथं फिरायला येणारे जातात. म्हणजे आमच्यासारखे देतात म्हणून लेकरं घरून उचलली जातात. त्या रात्री मी जेवू शकली नाही.

अजून एक, त्यानं आम्हाला बाजारात सुवार्तेची पत्रकं वाटायला लावली. नेपाळात 2015 च्या संविधानानं कोणाचं धर्मांतर करायला बंदी आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यानं सांगितलंच नाही आणि स्वतः त्या दिवशी पोट दुखते म्हणून लॉजवर झोपून राहिला.

ठाण्यात गेलो तर म्हणे दान तुम्ही स्वखुशीनं दिलं, आणि फोनपेवर आम्हीच "दान" लिहिलेलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोपर्यंत कितीतरी महिने झाले होते, पैसे निघून गेले होते. तो नंबर त्याच दिवशी लावा. लेकरांसाठी भाच्याच्या ओळखीच्या एका नेपाळी भावानं गावच्या माणसाकडून तिथल्या 1098 या लेकरांच्या हेल्पलाइनवर कळवलं, पुढं काय झालं ते कळलं नाही. कोणी आलंच तर पैसे संस्थेच्या खात्यात मागतो की स्वतःच्या ते पाहा, आणि प्रत्येक लेकराचे मायबाप कुठं आहेत ते तोंडावर विचारा, लाजू नका.

मागच्या रविवारी दर्यापूरच्या मावसबहिणीनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तीच पोरगी, वेणीत निळी रिबिन, मी परतवाड्याच्या बाजारातून नेलेली. खाली लिहिलेलं, आईवडील दोघंही नाहीत, सेवेला चला, माणशी 35,000. मी लगेच फोन लावला. त्यांच्यातल्या चौघांनी सकाळीच पैसे भरले होते. म्हटलं, बाई, आधी फोन ठेव आणि 1930 लाव.