झेनॉन की हॅलोजन? आंबा घाटातल्या चौदा महिन्यांच्या रात्री

नोकरी रत्नागिरीला आणि घर कोल्हापूरला. शुक्रवारी संध्याकाळी सात-साडेसातला निघायचं, साखरप्याला चहा, मग आंबा घाट, मलकापूर, बांबवडे करत अकराच्या आसपास घरी. सोमवारी पहाटे चारला उलटा प्रवास. एका बाजूला साधारण एकशे तीस किलोमीटर आणि जवळपास सगळे अंधारात. त्यात चौपदरीकरणाचं काम, त्यामुळे गेल्या आठवड्यात होता तो रस्ता या आठवड्यात असेलच असं नाही. घाटमाथ्यावर गवे. गळीत हंगाम सुरू झाला की मलकापूरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असलाच तर चिखलाखाली.

गाडी 2012 ची साधी हॅचबॅक. तिच्यात एच-4 हॅलोजन बल्ब, म्हणजे एकाच काचेत दोन तारा, फुलला 60 वॉट आणि डिपरला 55. दोन वर्षं मी "दिवे कमी पडतात" असं म्हणत होतो आणि पंचेचाळिशी उलटल्यामुळे दोष डोळ्यांना देत होतो. चष्मा बदलून झाला, फरक पडला नाही. मग दिवाळीच्या आधी सगळ्यांनी सांगितलं तेच केलं, झेनॉन किट बसवून घेतलं, म्हणजे जुन्याच दिव्यात हॅलोजनच्या जागी बसणारे झेनॉन वायूचे बल्ब.

पहिल्या रात्रीची मजा कबूल करायलाच हवी. स्विच दाबल्यावर दिवा आधी निळसर चमकला, दोन-चार सेकंद घेतले आणि मग समोर असा पांढरा उजेड पडला की हिला मी हाक मारून खाली बोलावलं. खोक्यावर 6000 केल्विन लिहिलेलं होतं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). किंमत बसवणावळीसकट तीन हजाराच्या आत. मला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच मेणबत्ती लावून घाट चढत होतो.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी समोरून येणारा प्रत्येक जण मला अपर-डिपर मारतोय हे लक्षात यायला लागलं. मी डिपरवरच होतो. आंब्याला टपरीवर थांबलो, तर मागून एसटी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर उतरून सरळ माझ्याकडे आला.

"ओ पाव्हणं, डिपर द्या की वो समोरच्याला. डोळं फुटायची पाळी आली."

"डिपरच होता हो."

त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग फुल कसला आसंल?" म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

घरी आल्यावर मेव्हण्याला गाडी दिली, गावाबाहेरच्या पाणंदीत मी शंभर-दीडशे पावलं पुढे जाऊन उभा राहिलो आणि त्याला डिपरवर गाडी आणायला सांगितली. ही गोष्ट मी किट घेण्याआधी करायला हवी होती. गाडी पन्नास पावलांवर आली तेव्हा मला ना रस्ता दिसत होता, ना रस्त्याची कड, ना शेजारचा बांध. गाडी पुढे निघून गेल्यावरही काही वेळ डोळ्यांसमोर हिरवे ठिपके. आणि मी तर नुसता उभा होतो. समोरून साठच्या वेगाने येणारा दर सेकंदाला जवळपास सतरा मीटर पुढे सरकत असतो. तो आंधळा झालेला माणूस आपल्याच दिशेने येतोय, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आला.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. एच-4 च्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे बल्बमागच्या आरशाचा, म्हणजे रिफ्लेक्टरचा, वरचा अर्धाच भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्याकडे खाली वळतो. आरशाची प्रत्येक वळी ती तार नेमकी कुठे आहे हे धरून आखलेली असते. किटमधल्या झेनॉनला तारच नसते. दोन टोकांमधल्या वायूत ठिणगीचा पूल पेटतो आणि त्याचा उजेड तारेसारखा सारखा पसरलेला नसतो, टोकांजवळ जास्त प्रखर असतो. जागा एक-दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली, की आरसा तो उजेड वाटेल तिकडे फेकतो, झाडांच्या शेंड्यावर, समोरच्याच्या डोळ्यात, कुठेही. फुल-डिपर करायला किटवाल्यांनी आत छोटं विद्युतचुंबक घातलेलं असतं, ते अख्खा बल्ब पुढे-मागे ओढतं. माझं उजवीकडचं जानेवारीत अडकलं आणि कायमचं फुलवर राहिलं. आरशात पाहणाऱ्या पुढच्या गाडीवाल्यांनी त्या आठवड्यात मला काय काय म्हटलं असेल देव जाणे.

पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे, आणि ती किटवाले कधी सांगत नाहीत. मला स्वतःलाच कमी दिसत होतं. बोनेटपुढचं दहा-पंधरा मीटरचं अंगण लख्ख उजळायचं. इतक्या उजेडाने बुबुळाचं भोक आक्रसतं आणि मग लांबचा अंधार आणखी काळा होतो. गाडीत बसल्यावर मात्र वाटतं, काय दिसतंय! दिसत असतं ते अंगण. गवा असतो अंगणाच्या पलीकडे, आणि तो डांबरापेक्षा काळा. आंब्याच्या अलीकडच्या एका वळणावर मला गव्याचे फक्त पाय दिसले, पांढरे मोजे घातल्यासारखे असतात ना ते, आणि ब्रेक दाबल्यावर त्याच्या वरचा डोंगर दिसला. तो शांतपणे ओलांडून गेला. मी पुढे साखरप्यापर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही.

पावसाळ्यात किटची आणखी पंचाईत झाली असती, पण तोवर ते राहिलं नाही. मार्चमधल्या एका अवकाळी सरीत चुणूक मिळाली. ओला रस्ता आरशासारखा होतो, उजेड परत आपल्याकडे येण्याऐवजी पुढे घसरून जातो. निळसर पांढऱ्या उजेडात ओलं डांबर आणि कडेचा पांढरा पट्टा दोन्ही एकच राखाडी दिसायला लागले. शिवाय रेडिओला खरखर. मी किट काढून टाकलं.

(कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ बांधणीत फेरफार करू देत नाही. मला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.)

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी काही विकायच्या आधी मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर 11.9. म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गळत होते, बारीक वायर, स्टिअरिंगखालचा जुना स्विच आणि गंजलेलं अर्थिंग यांत. हॅलोजनचं गणित असं विचित्र आहे की व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड फार उतरतो, साधारण साडेतीनच्या घातात. त्यांनी बॅटरीपासून जाड वायर ओढली, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) घातले, फ्यूज घातले, जुन्या स्विचला फक्त रिले चालू-बंद करायचं काम ठेवलं आणि अर्थिंग घासून नवं केलं. मग होल्डरवर 13.4 आले. त्या दीड व्होल्टात जवळपास दीडपट उजेड मिळाला. बल्ब मात्र साधेच, 60/55. मी 100/90 चा विषय काढला तर म्हणाले, "होल्डर वितळंल, आरसा करपंल, आणि परत ते डोळ्यात जाणारंच."

तिथेच त्यांनी काचही दाखवली. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट असतं, आणि आठ-दहा वर्षांच्या उन्हाने ते पिवळं पडतं. पाण्यात भिजवून हजार आणि दोन हजार नंबरचा पेपर, मग पॉलिश. एका दुपारचं काम. फक्त मूळचा उन्हापासून वाचवणारा थर यात निघून जातो, त्यामुळे वर्षभरात पुन्हा पिवळसरपणा येतो. माझ्या दिव्यांना आता किंचित यायला लागलाय.

सेटिंग मात्र मी स्वतः शिकलो, आणि चौदा महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. गोदामाची सपाट भिंत, बरोबर दहा मीटरवर गाडी, टायरमध्ये हवा नीट, एक माणूस ड्रायव्हर सीटवर. डिपरच्या उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली पाहिजे, आणि डाव्या बाजूला ती तिरकी वर चढली पाहिजे, म्हणजे कडेची माणसं, सायकली आणि पाट्या दिसतात. माझा उजवा दिवा वर बघत होता आणि डावा पायाशी. एप्रिल-मे मध्ये येताना डिकीत हापूसच्या पेट्या असतात, गाडीचं नाक वर होतं. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचं एक चाक असतं ते अशा वेळी दोनवर आणायचं. नऊ वर्षं ते चाक कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसात विचारलं तर आणखी चौघांना माहीत नव्हतं.

आता खऱ्या झेनॉनबद्दल, कारण वरचं वाचून कुणी झेनॉनला नावं ठेवेल, आणि तो अन्याय होईल. मेव्हण्याने मे महिन्यात एक जुनी युरोपी सेडान घेतली, तिच्यात कंपनीचे झेनॉन आहेत. त्याला सांगलीहून रत्नागिरीला कामं असतात, तेव्हा पावसाळ्यात आणि नंतर सात-आठ वेळा त्याची गाडी मी चालवली. ही वस्तूच वेगळी. बल्बपुढे भिंग असतं, मध्ये पत्र्याचा पडदा, आणि उजेडाची वरची रेघ सुरीने कापल्यासारखी. बल्ब 35 वॉटचाच, पण उजेड सुमारे 3200 ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). आमच्या एच-4 चा डिपर हजाराच्या आसपास आणि फुल साडेसोळाशेच्या. रंगही 4300 केल्विनच्या आसपास, म्हणजे पांढरा, निळा नाही. उसाची ट्रॉली मला त्या गाडीतून जिथून दिसली, तिथून माझ्या गाडीतून ती नुसता अंधार असते. रस्त्याची दोन्ही कडा दिसते, वळणात आतली भिंत दिसते. समोरून एकानेही डिपर मारला नाही.

त्यामागे नुसता बल्ब नाही. गाडीच्या मागच्या-पुढच्या दांड्यांवर सेन्सर असतात, गाडी बसली की दिवे आपोआप खाली झुकतात. युरोपात 2000 ल्युमेनच्या वरच्या दिव्याला ही आपोआप झुकण्याची सोय आणि काच धुणारे फवारे दोन्ही लागतात, कारण चिखलाने माखलेली काच इतका उजेड कुठेही उडवते. 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सीरिजमध्ये झेनॉन पहिल्यांदा आला, तेव्हापासून तो भिंग, पडदा, सेन्सर या कुटुंबासकट वाढलाय. तीन हजाराच्या किटमध्ये आपण त्यातला फक्त बल्ब उचलून आणतो.

पण झेनॉन म्हणजे पैशाचं काम. ऑगस्टमध्ये मेव्हण्याच्या उजव्या दिव्यात ओल शिरली आणि बॅलास्ट, म्हणजे बल्बला वीज पुरवणारी पेटी, गेला. हा बॅलास्ट पेटवताना वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो आणि मग 85 व्होल्टवर ठिणगी धरून ठेवतो, त्यामुळे घरी उघडून चाचपडायचा नाद नको. रस्त्यावर काही करता येत नाही. त्या रात्री एका दिव्यावर तो पालीहून साखरप्यापर्यंत आला आणि तिथेच मुक्काम केला. जुना सुटा भाग शोधण्यात अकरा दिवस गेले आणि जवळपास माझ्या सगळ्या खर्चाच्या चौपट खर्च झाला.

धुक्याचं वेगळं सांगतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. जुलैत आंबा घाटात धुकं असं उतरतं की बोनेट दिसलं तरी नशीब. तिथे झेनॉन, हॅलोजन दोन्ही सारखेच निरुपयोगी. फुल लावला तर समोर दुधाची भिंत. डिपर, खालचे फॉग लॅम्प, डाव्या हाताचा पांढरा पट्टा आणि वीसचा वेग, एवढंच. पिवळे फॉग लॅम्प मी लावलेत, डोळ्याला बरे वाटतात, पण चमत्कार नाही. काचेची आतली बाजू पुसली का, याने जास्त फरक पडतो. आणि चारही इंडिकेटर चालू ठेवून धुक्यात पुढे जाणाऱ्यांनो, तुम्ही थांबलाय की चाललाय आणि वळणार आहात की नाही, हे मागच्याला कसं कळणार?

आता मी काय वापरतो? माझ्या गाडीत साधा हॅलोजन, रिलेवर, घासलेली काच, नीट सेटिंग. खर्च सगळा मिळून दोन हजाराच्या आत. डिपरवर रिकाम्या रस्त्याला साठ आणि त्याच्या वर नाही. पुढे मोकळं दिसलं की फुल, समोर कुणी आलं की लगेच खाली. उद्या नवी गाडी घ्यायची वेळ आली तर कंपनीचे भिंगाचे दिवे असलेलीच घेईन. झेनॉन आता नव्या गाड्यांत दिसेनासा झालाय, एलईडी आलेत, पण प्रश्न तोच आहे. एच-4 च्या होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब बाजारात ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांची पाणंदीतली परीक्षा माझ्या किटसारखीच निघेल.

गेल्या महिन्यात नाणीजच्या अलीकडे माझा डावा बल्ब उडाला. डिकीत जादा जोडी असतेच. मोबाईलच्या टॉर्चवर, रुमालाने धरून, काचेला बोट न लावता (बोटाचं तेल लागलं की बल्ब तिथेच तापून लवकर जातो) दहा मिनिटांत बदलला. किट अजून माळ्यावर आहे. शेजारच्या पोराने त्याच्या मोटारसायकलसाठी मागितलं होतं, दिलं नाही, त्यामुळे तो सध्या माझ्याशी बोलत नाही. आणि मेव्हण्याच्या डाव्या झेनॉनला परवापासून गुलाबी छटा यायला लागलीय, म्हणजे तो बल्ब आता संपत आला. बदलायचे तर दोन्ही एकदम, नाहीतर दोन बाजूंचा रंग जुळत नाही. तो जोडीची किंमत विचारत फिरतोय.