तोंड आल्यावर कोणती चूळ? मीठ-सोडा, ज्येष्ठमध, हळद की त्रिफळा

खारघरला आईचे कॅन्सरसाठीचे शेक (रेडिएशन) सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आतून सोलवटलं. मऊ भातही गिळवेना. कोपरखैरण्याच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण एखादी पुडी घेऊन येई. तुमच्याकडेही तेच चाललं असेल, तर हे वाचा.

आधी मीठ-सोडा. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. हे पाणी झोंबत नाही, चिकट लाळ सुटते आणि दिवसातून सहा-आठ वेळा चूळ भरता येते. बाकी जे घ्याल ते हिच्या जोडीला, हिच्याऐवजी नाही.

ज्येष्ठमधावर माझा जीव बसला. चमचाभर पूड कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळायची, फडक्यातून दोनदा गाळायची, गार करून त्याच दिवशी संपवायची. गोडसर असल्यामुळे आई कुरकुर न करता तोंडात धरायची. शेक घेणाऱ्यांवरच्या लहान अभ्यासांत फायदा दिसला आहे. पण थुंकायचंच! पोटात जास्त गेलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. आईला बीपीची गोळी चालू होती, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं.

हळदीच्या बाजूनेही अभ्यास आहेत, पण डब्यातली हळद पाण्यात विरघळत नाही, तिचे कण व्रणात बसतात. मला ती नको वाटते. त्रिफळा आणि तुरटी तर तुरटच. धडधाकट हिरड्यांना ठीक, सोलवटलेल्या तोंडाला अजिबात नको. कॅमोमाइल महाग, आणि किमोच्या १६४ रुग्णांवरच्या १९९६ च्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला नाही.

मध चूळ म्हणून नाही, पण तोंडात घोळवून गिळायला चांगला. साखरेचा आजार असेल किंवा दात किडत असतील तर आधी विचारा. जाईचा पाला आजी चघळायला द्यायची. किमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चा पाला तोंडात घालू नका. दुकानातला अल्कोहोलवाला माउथवॉशही नको, आग होते.

१००.४ च्या वर ताप, पाणीही न गिळणं, तोंडात पांढरा थर: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आईच्या जिभेवरचा थर मी दोन दिवस ज्येष्ठमधाने धुत बसले होते. ती बुरशी निघाली, औषध मिळाल्यावर चौथ्या दिवशी तिने पेज मागितली.