प्लगचा रंग बघून इंजिनची गरमी शोधणे : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी आहे. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, कार्बोरेटर, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा उघडझाप करणारा संपर्क), आणि इंजिन थंड करायला फक्त समोरचा वारा. पावसाळा संपल्यावर वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात ती तापायला लागली. अर्ध्या चढात ओढ जायची, थ्रॉटल दिलं की आतून टकटक ऐकू यायची, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचे फेरे लगेच खाली यायचे नाहीत. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, ‘एक नंबर थंड स्पार्क प्लग टाका.’ मी प्लगचा नंबर तोच ठेवला आणि जो आहे तो नीट वाचायला घेतला. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग, टॉर्च आणि चांगला प्लगपाना, एवढंच साहित्य लागलं.

थंड प्लगने इंजिन थंड होत नाही. गरम किंवा थंड हा प्लगचा स्वतःचा गुण आहे. आतलं पांढरं चिनी मातीचं टोक लांब असेल तर त्याची उष्णता हेडमध्ये (सिलिंडरच्या झाकणात) उतरायला वेळ लागतो, तो गरम प्लग. आखूड असेल तर थंड. टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या आसपास राहिलं तर काजळी आपोआप जळते. ९०० च्या घरात गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटू शकतं. थंड प्लग टाकला की टोक वाचतं, पण पिस्टन आणि व्हॉल्व्ह पहिल्यासारखेच भाजत राहतात. शिवाय नंबरांचाही घोळ आहे: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. दुकानात नुसतं ‘पुढचा नंबर द्या’ म्हणू नये.

सिग्नलवर थांबत थांबत घरी येऊन काढलेला प्लग काळाच दिसणार, आणि तो काळेपणा आयडलिंगचा असतो. गरमी बघायची तर इंजिनवर भार हवा. मी मोकळा, रहदारी नसलेला चढ बघतो, मोठ्या थ्रॉटलवर गाडी ओढवतो, मग एकदमच क्लच दाबून इग्निशन बंद करतो आणि गाडी तशीच कडेला घेतो. त्यानंतर इंजिन निवेपर्यंत थांबायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग काढला तर आटे हातात येतील.

भिंगाखाली मी तीन जागा बघतो. पहिली, चिनी मातीचं टोक आत बुडाशी जिथे जातं तिथलं वर्तुळ. मिश्रणाची खरी खबर तिथे असते, वरच्या टोकावर नाही. माझ्याकडे तिथे काहीच नव्हतं, बूड धुतल्यासारखं पांढरं, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि त्यानेच इंजिन तापतं. दुसरी जागा टोकाचा पृष्ठभाग. त्यावर मिठासारखे बारीक चकचकीत कण होते. ते ॲल्युमिनियमचे असतील तर बहुधा पिस्टनचे, आणि घाटातली टकटक ही नॉकिंगच (मिश्रण अवेळी भडकण्याचा आवाज) होती. तिसरी म्हणजे वरची वाकलेली पट्टी. तापल्याने तिच्यावर रंग बदलल्याची एक रेघ उमटते. रेघ वळणाच्या आसपास असेल तर ठीक, पट्टी प्लगला जोडलेल्या वेल्डकडे सरकली तर पट्टी जास्त तापतेय, पट्टीच्या मोकळ्या टोकाकडे राहिली तर कमी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढेमागे झालं तरी ही रेघ हलते, म्हणून एकट्या रेघेवर मी निर्णय घेत नाही.

जुन्या तक्त्यांमध्ये चांगल्या प्लगचा रंग बिस्किटासारखा दाखवतात. तो शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे, आणि आपल्याकडे ते २००० सालीच बंद झालं. आताच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही बराच फिकट असतो. त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं. वजनाने बघितलं तर पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पटच. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक काही प्रमाणात भरून काढतो. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र जुन्या हिशेबाने बसवलेला, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ होतं. जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यायला हवं असं मला कळकळीने वाटतं, कारण पिस्टन गेल्यावर जो खर्च येतो त्यापुढे जेटची किंमत काहीच नाही.

माझ्या गाडीत कारणं दोन निघाली. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला चीर होती, तिथून जादा हवा आत जायची. आयडलिंगवर तिथे कार्ब क्लीनर फवारला की इंजिनचा आवाज लगेच बदलायचा. दुसरं कारण पॉइंटचं. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगनेही इंजिन आणि सायलेन्सरचा बेंड तापतो, पण प्लगच्या रंगात ते सहज दिसत नाही. ते फीलर गेजनेच (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कळलं. रबर बदललं, गॅप लावली, मेन जेट एक नंबर मोठा केला.

आता बुडाशी बारीक तपकिरी कडं दिसतं, चकचकीत कण परत आले नाहीत, आणि पसरणीत तिसऱ्या गिअरवर ओढ टिकते. ॲव्हरेज किंचित कमी झालं, ते मला मान्य आहे.

इरिडियम प्लगही लावून बघितला. स्टार्टिंग छान, पण मधल्या इलेक्ट्रोडचं टोक इतकं बारीक की वाचायला अवघड. तपासणीच्या काळात साधा निकेलचा प्लगच लावावा. तोच परत बसवताना हाताने टेकेपर्यंत फिरवून पान्याने थोडासाच आवळायचा. वॉशर आधीच दबलेला असतो, नव्या प्लगसारखा अर्धा फेरा द्यायचा नाही. उन्हाळ्यात अर्ध्या थ्रॉटलवर बूड पुन्हा पांढरं दिसलं, तर जेटला हात न लावता कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घेणार आहे, म्हणजे सुई वर येऊन पेट्रोल जास्त जाईल.